आंब्याच्या पेढीवरचा पेंग्विन: यंत्र सुरू होताना दिसणारं चित्र कसं बदलतात

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरी, पावस किंवा देवगडकडच्या एखाद्या मोठ्या पॅकहाऊसमध्ये गेलात तर वजनकाट्याशेजारी एक छोटी स्क्रीन दिसते. पेटीचं वजन, फळाची ग्रेड, डझनाचा हिशेब, बाजूला लेबल छापणारा प्रिंटर. आत कॉम्प्युटरच असतो, फक्त तळहाताएवढा आणि एकाच कामाला जुंपलेला. लाइट गेली की बंद, आली की आपोआप सुरू. आपल्याकडे लाइट दिवसातून चारदा गेली तर कोणी दचकत नाही, पण चारही वेळा ती स्क्रीन पहिल्यापासून सुरू होते आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक ते सगळं बघत राहतं. आधी सप्तरंगी चौकोन, मग काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींचा पाऊस, वर कोपऱ्यात पेंग्विन. मग मालक विचारतात, “हा पक्षी कोणाचा हो? तिथे आमच्या पेढीचं नाव येऊ दे की!”

मागणी रास्त आहे. अशा एकाच कामाच्या, यंत्राच्या पोटात बसवलेल्या कॉम्प्युटरला एम्बेडेड सिस्टीम म्हणतात. एसटी कंडक्टरच्या हातातलं तिकीट मशीन, बोटीवरचा फिश फाइंडर, काजू कारखान्यातल्या ड्रायरचा टच पॅनेल, हे सगळे त्याच जातीचे. यातल्या बहुतेकांवर सुरुवातीचं चित्र बदलता येतं. पण “लोगो बदलायचाय” असं म्हणून इंटरनेटवर शोधायला बसलं की पाच ठिकाणी पाच उत्तरं मिळतात आणि पाचही बरोबर असतात. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

स्क्रीन एकच असली तरी पहिल्या वीस-तीस सेकंदांत तिचा ताबा तीन-चार जणांकडे आळीपाळीने जातो. दशावतारात आधी गणपती येतो, मग सरस्वती, मग संकासुर धुमाकूळ घालून जातो, आणि त्यानंतर कुठे मुख्य आख्यान लागतं. रंगमंच तोच, पण कोणत्या घटकेला तो कोणाचा हे ठरलेलं. इथेही तसंच आहे. वीज आली की प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो, त्याला बूट रॉम म्हणतात. त्याला स्क्रीनशी देणंघेणं नसतं. मेमरी कार्डावरून किंवा फ्लॅश चिपवरून पुढचा प्रोग्राम उचलायचा, एवढंच त्याचं काम. तो पुढचा म्हणजे बूटलोडर. बऱ्याच इंडस्ट्रियल बोर्डांवर तो यू-बूट असतो. बूटलोडर रॅम चालू करतो, सोय केलेली असेल तर स्क्रीनही चालू करतो, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा मुख्य प्रोग्राम, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणून कारभार त्याच्या हाती देतो. कर्नल एकेक ड्रायव्हर (स्क्रीन, कार्ड असे भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) लावत जातं. त्यानंतर सिस्टम-डी किंवा तसाच एखादा कारभारी बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी आपलं वजनाचं ॲप उघडतं.

यातल्या बूट रॉमशिवाय प्रत्येकाकडे चित्र दाखवायची आपली आपली सोय आहे. प्रत्येकाला लागणारी फाईल वेगळी, ती ठेवायची जागा वेगळी, आणि हात घातल्यावर काय बिघडू शकतं तेही वेगळं. म्हणून नको असलेलं चित्र नेमकं कोण काढतंय हे आधी पकडावं लागतं. ते पकडलं की निम्मं काम झालं.

पकडायची माझी रीत साधी आहे. मोबाईल स्टँडवर लावायचा, स्लो मोशन चालू करायचं आणि यंत्राचा सप्लाय द्यायचा. डोळ्यांना जे एकसलग वाटतं ते संथ बघितलं की वेगळं होतं: इथे काळं झालं, इथे बॅकलाइट लागला, इथे चित्र आलं, इथे एक चमक मारून गेलं. बोर्डावर सिरियल पोर्टच्या पिना असतील तर यूएसबी-टीटीएल केबल लावून लॅपटॉपवर बूटचा मजकूर चालू ठेवायचा (वेग बहुधा १,१५,२००, आणि केबल ३.३ व्होल्टचीच घ्यायची, ५ व्होल्टची लावून बोर्ड जाळू नये) आणि लॅपटॉप व यंत्राची स्क्रीन दोन्ही एकाच फ्रेममध्ये घ्यायचे. मग चित्र उमटतं त्या क्षणी लॅपटॉपवर यू-बूटच्या ओळी चालल्यात की कर्नलच्या, हे थेट दिसतं. तर्क लढवत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि एक पथ्य. टप्पा जितका उशिराचा, तितकं चित्र बदलणं सोपं आणि बिनधोक. ॲपच्या पहिल्या पानावरचं चित्र चुकलं तर फक्त चित्र चुकतं. बूटलोडरमध्ये चुकलं तर यंत्र उठतच नाही. म्हणून मी शेवटाकडून सुरुवातीकडे येत जातो, आणि गिऱ्हाइकाचं समाधान झालं की तिथेच थांबतो.

रास्पबेरी पाय असेल तर

आपल्याकडच्या पॅकहाऊसमध्ये, होमस्टेच्या काउंटरवर, छोट्या कारखान्यांत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बराच दिसतो, म्हणून तोच आधी घेऊ. त्याच्यावर चार गोष्टी क्रमाने दिसतात. सप्तरंगी चौकोन हा बोर्डाच्या फर्मवेअरचा, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ प्रोग्रामचा. त्यानंतर वर ओळीने चार रासबेरी, हा कर्नलचा लोगो. चारच का, तर प्रोसेसरला गाभे (कोअर) चार आहेत आणि कर्नल दर गाभ्यामागे एक लोगो काढतं. मग अक्षरांच्या ओळी. मग डेस्कटॉपची आवृत्ती असेल तर स्वागताचं चित्र, ते प्लिमथ नावाचा प्रोग्राम दाखवतो.

सप्तरंगी चौकोन घालवायला ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ या फाईलमध्ये ‘डिसेबल-स्प्लॅश’ची किंमत १ करणारी एक ओळ टाकली की झालं (मधली आडवी रेघ खाली घ्यायची, म्हणजे अंडरस्कोर). बाकीच्या गोष्टी ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’मध्ये. ही फाईल म्हणजे कर्नलला दिलेली चिठ्ठी. ती संपूर्ण एकाच ओळीत असावी लागते. मध्ये एंटर मारलात की पुढचं कर्नल वाचत नाही. तिच्यात ‘लोगो डॉट नोलोगो’ लिहिलं की रासबेरी जातात, ‘क्वाएट’ लिहिलं की बडबड थांबते, आणि कन्सोल, म्हणजे मजकुराचा पडदा, टीटीवाय-१ वरून टीटीवाय-३ वर नेला की उरलासुरला मजकूर न दिसणाऱ्या पडद्यावर जातो. लुकलुकणारा कर्सर बंद करायलाही एक वेगळा पर्याय आहे. पूर्वी या दोन्ही फाईली ‘बूट’ फोल्डरमध्ये असत. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून त्या ‘बूट’च्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेल्या. जुने लेख वाचून जुन्या जागी फाईल शोधणारे, आणि न सापडल्यावर स्वतःच नवी बनवून ठेवणारे पुष्कळ.

प्लिमथचं चित्र ही साधी पीएनजी फाईल असते. मूळ थीमच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने आपली फाईल ठेवायची, बस्स. फक्त अनेक सिस्टीमवर त्या चित्राची एक प्रत इनिट-रॅम-एफएस या सुरुवातीच्या गाठोड्यातही बांधलेली असते. फाईल बदलली पण गाठोडं परत बांधलं नाही, तर स्क्रीनवर जुनंच चित्र येत राहतं आणि माणूस फाईलचे हक्क, नाव, आकार तपासत संध्याकाळ घालवतो. गाठोडं नव्याने बांधायची एकच कमांड आहे, ती चित्र बदलल्यावर लगेच द्यावी.

प्लिमथपेक्षा हलका भाऊ म्हणजे पी-स्प्लॅश. योक्टो नावाची साधनं वापरून स्वतःची लिनक्स बांधणाऱ्या कंपन्या बहुधा हाच घेतात. याच्यात चित्र फाईल म्हणून राहत नाही. पीएनजीचं सी भाषेतल्या आकड्यांत रूपांतर करून ते प्रोग्राममध्येच शिवलं जातं, म्हणजे चित्र बदलायचं तर प्रोग्राम परत कंपाइल करायचा. खाली प्रगतीची पट्टी असते, तिला इतर प्रोग्राम ‘५० टक्के झालं’ असा निरोप पाठवू शकतात. मला ही पट्टी आवडते. समोरच्या माणसाला यंत्र अडकलं नाही, चालू आहे, एवढं कळलं तरी तो स्क्रीनवर टकटक करायचं थांबवतो.

पेंग्विनचं घर

कर्नलमधला टक्स नावाचा पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी युइंग यांनी गिम्प या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये काढला. बूटच्या वेळी दिसणारं त्याचं चित्र ८० बाय ८० ठिपक्यांचं आहे आणि ते कर्नलच्या सोर्समध्ये व्हिडिओ ड्रायव्हरांच्या शेजारी ‘लोगो’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतं. ते बदलणं हा काही अपराध नाही. खुद्द कर्नलवाल्यांनीच २००९ मध्ये २.६.२९ आवृत्तीत टक्सला रजा देऊन त्या जागी टझ नावाचा टास्मानियन डेव्हिल आणला होता, खोटी चोच लावून! रोगाने मरत चाललेल्या त्या प्राण्याकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून.

इथे फाईल पीपीएम प्रकारची लागते, तीही आकडे साध्या अक्षरांत लिहिलेली. उघडून बघितलीत तर वर लांबी-रुंदी आणि खाली लाल, हिरवा, निळा यांचे आकडेच आकडे. कर्नल बांधताना एक छोटा प्रोग्राम ते आकडे सी भाषेत उतरवतो आणि चित्र कर्नलच्या आतच जातं. म्हणजे इथेही फाईल नुसती बदलून भागत नाही, कर्नल परत बांधावं लागतं.

अट एकच, पण सगळे तिथेच ठेचकाळतात: चित्रात जास्तीत जास्त २२४ रंग. हा विचित्र आकडा आला कुठून? जुन्या स्क्रीनवर एका वेळी २५६ रंगांचीच तक्ती असे. त्यातल्या पहिल्या ३२ जागा मजकुरासाठी राखून ठेवल्या, उरल्या २२४. आजच्या स्क्रीनला लाखो रंग चालतात, पण हा नियम तसाच राहिला. पेढीचा लोगो म्हणून हापूसचा फोटो दिला जातो, त्यात हिरव्यापासून केशरीपर्यंत हजारो छटा असतात, आणि कर्नल बांधताना ‘रंग जास्त झाले’ म्हणून गाडी अडते. नेटपीबीएम नावाच्या जुन्या, भरवशाच्या हत्यारांच्या पेटीत यावर इलाज आहे: एक कमांड पीएनजीचं पीपीएम करते, दुसरी रंग २२४ वर आणते, तिसरी आकडे साध्या अक्षरांत लिहून देते. तिसरी कमांड विसरली तर फाईल दिसायला ठीक असते, पण कर्नलला ती वाचता येत नाही.

याच्या पुढे एक गंमत आहे. लोगो बसवला, कर्नल बांधलं, चित्र झकास आलं. मग बडबड नको म्हणून चिठ्ठीत ‘क्वाएट’ लिहिलं आणि चित्रच गायब! गेल्या काही वर्षांतल्या कर्नलमध्ये हे मुद्दाम केलेलं आहे. गप्प बस म्हटलं की ते लोगोही काढत नाही. तिथे ‘क्वाएट’ काढून लॉग-लेव्हल (किती मजकूर दाखवायचा ती पातळी) ५ ठेवली की लोगो राहतो आणि मजकूर बराच कमी होतो. दर गाभ्यामागे एक लोगो नको असेल तर संख्या ठरवायचा पर्याय आहे, आणि चित्र कोपऱ्याऐवजी मधोमध आणायचाही. स्क्रीनपेक्षा मोठं चित्र मात्र कर्नल कापत नाही की लहान करत नाही, सरळ दाखवतच नाही.

बूटलोडर: जपून

कर्नलचा लोगो यायला दोन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ काळी स्क्रीन चालत नाही असं गिऱ्हाईक म्हणालं, तरच बूटलोडरकडे वळावं. यू-बूटला चित्र बीएमपी प्रकारचं लागतं. आज बीएमपी कोणी वापरत नाही, पण बूटलोडरच्या दृष्टीने ते सोन्यासारखं, कारण त्यात उकलायचं काही नसतं. ठिपके जवळपास जसेच्या तसे ओळीने मांडलेले. जेपीईजी किंवा पीएनजी उलगडायला जास्त कोड लागतो, आणि जास्त कोड म्हणजे जास्त वेळ, जास्त जागा, जास्त चुका.

हिशेब करून बघा. सात इंची साधारण स्क्रीन ८०० बाय ४८० ठिपक्यांची. दर ठिपक्याला ३ बाइट धरले तर ११,५२,००० बाइट, वर ५४ बाइटचं मथळ्याचं ओझं. तेच चित्र २५६ रंगांत ठेवलं तर दर ठिपक्याला १ बाइट, रंगांच्या तक्तीसकट ३,८५,०७८ बाइट. एक तृतीयांश. चित्र संथ फ्लॅश चिपवरून उचलायचं असेल तर हा फरक डोळ्यांना जाणवतो. गिम्पमधून बीएमपी काढताना दोन गोष्टी बघाव्यात. पारदर्शकता काढून टाकायची, नाहीतर फाईल निमूटपणे ३२ बिटची होते. आणि रंगांची जादा माहिती न लिहिण्याचा पर्याय निवडायचा, तिने मथळा लांबतो आणि काही जुन्या यू-बूटला तो समजत नाही.

यू-बूटमध्ये चित्र कुठून घ्यायचं आणि कुठे दाखवायचं हे काही चलांमध्ये (बदलता येणाऱ्या नोंदींमध्ये) लिहिलेलं असतं. ‘स्प्लॅशइमेज’मध्ये रॅममधला पत्ता, ‘स्प्लॅशपॉस’मध्ये जागा; तिथे ‘एम,एम’ लिहिलं की चित्र आडवं-उभं दोन्हीकडून मध्यभागी. पत्ता लिहिताना एक तिढा आहे. बीएमपी फाईल ‘बी’ आणि ‘एम’ या दोन अक्षरांनी सुरू होते, म्हणजे पुढचे चार-चार बाइटचे आकडे दोन बाइटने सरकलेले असतात. काही प्रोसेसरना चार बाइटचा आकडा चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच वाचता येतो, नाहीतर ते तिथेच मान टाकतात. म्हणून चित्राचा पत्ता चारच्या पटीपेक्षा दोनने जास्त द्यायचा. मग आतले आकडे आपोआप नीट जागेवर पडतात. यू-बूटच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे. ते न वाचता गोल पत्ता देणाऱ्याचं यंत्र लोगोच्या जागी अडकून बसतं आणि दोष चित्राला जातो.

इतकं करूनही एक त्रास उरतो. बूटलोडरचा लोगो आला, कर्नलने ताबा घेतला आणि स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत उजळली. कर्नलचा ड्रायव्हर स्क्रीन नव्याने सुरू करतो, त्याचा हा झटका. उपाय दोन आहेत. चित्र रॅममध्ये जिथे ठेवलं आहे तो भाग राखीव करून ‘इथे आधीच चित्र चालू आहे’ असं कर्नलला डिव्हाइस ट्रीतून (बोर्डावर काय काय आहे हे सांगणाऱ्या यादीतून) सांगता येतं. याला सिंपल फ्रेमबफर म्हणतात. सोपा उपाय म्हणजे बूटलोडर आणि पुढचा टप्पा दोघांना एकाच मापाचं, एकाच पार्श्वभूमीचं चित्र द्यायचं, म्हणजे मधला काळा क्षण खुपत नाही. बॅकलाइटही चित्र तयार झाल्यावरच लावावा. आधी लावला तर रॅममध्ये पडलेला कचरा रंगीत ठिपके होऊन दिसतो आणि बघणाऱ्याला स्क्रीन गेली असं वाटतं.

बाकीच्या यंत्रांचं थोडक्यात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या पॅनेलमध्ये ‘बूट-ॲनिमेशन’ नावाची झिप फाईल असते: आत पीएनजी चित्रांचे फोल्डर आणि लांबी, रुंदी, सेकंदाला किती चित्रं हे सांगणारी एक छोटी मजकूर फाईल. झिप करताना दाबून लहान करायची नाही, नुसती बांधायची, नाहीतर चालत नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनला ठिपक्याला एक बिट पुरतो, म्हणजे संपूर्ण चित्र १,०२४ बाइटचं, आणि ते प्रोग्रामच्या आतच लिहितात. पीसी जातीच्या मशीनमध्ये लोगो मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असतो. बनवणाऱ्याने साधन दिलं असेल तर ठीक, नसेल तर नाद सोडावा. आणि बोटीवरच्या जीपीएस प्लॉटरमध्ये आधी मेन्यू चाळावा. कित्येकांत मेमरी कार्डावरचं चित्र सुरुवातीला लावायची सोय आयतीच असते.

नाव मराठीत हवंय

ही मागणी आता सर्रास येते, आणि इथे एक गोष्ट पक्की धरावी: मराठी अक्षरं चित्रातच काढून द्यायची, बूटलोडरला किंवा कर्नलला ‘लिहायला’ सांगायची नाहीत. ‘रत्नागिरी’ हाच शब्द घ्या. ‘त्न’ हे जोडाक्षर, आणि ‘गि’मधली वेलांटी साठवताना ‘ग’नंतर येते पण दिसते त्याच्या आधी. अशी जुळवाजुळव करायला वेगळी लायब्ररी लागते; मोबाईलमध्ये, ब्राउझरमध्ये ती असते. कर्नलच्या मजकुराच्या पडद्याला एका चौकटीत एक अक्षर एवढंच कळतं. देवनागरी फॉन्ट कसाबसा कोंबलात तरी वेलांटी भलत्या जागी आणि जोडाक्षरं फुटलेली.

चित्रात नाव काढताना जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे दोन्ही मोफत आहेत आणि लहान आकारातही तग धरतात. नाव स्क्रीनच्या खऱ्या मापातच काढावं; मोठं काढून नंतर लहान केलं की शिरोरेखा पुसट होते आणि मात्रा तिला चिकटतात. १२८ बाय ६४ च्या स्क्रीनवर तर मी ठिपका-ठिपका हाताने बसवतो, तिथे दुसरा मार्ग नाही.

रंगांचंही तसंच. स्वस्त स्क्रीनवर दर ठिपक्याला १६ बिट असतात, लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. एकूण ६५,५३६ रंग ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आंब्याच्या पिवळ्या-केशरी चढत्या छटेत पायऱ्या पडलेल्या स्पष्ट दिसतात. सपाट तीन-चार रंगांतला आंबा फोटोपेक्षा नेहमीच देखणा येतो. मालकांना हे पटायला वेळ लागतो, म्हणून दोन्ही करून त्यांच्याच स्क्रीनवर दाखवावं. फोन नंबर, हंगामाचं वर्ष, ‘नवी शाखा लवकरच’ असलं काही चित्रात घालू नये. ते बदलायला पुढच्या वर्षी परत कर्नल बांधत बसावं लागतं. आणि हापूसला जीआय मानांकन २०१८ मध्ये मिळालं असलं तरी त्याचं चिन्ह नोंदणी केलेल्या वापरकर्त्यानेच वापरायचं असतं. नोंदणी आहे का हे विचारून मगच ते लोगोत घ्यावं.

कुठे हात लावू नये

पॅकहाऊसमध्ये शेजारच्या कॉम्प्युटरचं चित्र खुशाल बदला, पण खुद्द काटा उघडू नका. त्यावर वैध मापन शास्त्र खात्याचं सील असतं. काट्याच्या डिस्प्लेवर नाव यावं म्हणून ते तोडलं तर काटा नव्याने तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो आणि वर कायद्याचा बडगा. बोटीचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक सामग्री दुरुस्तीच्या टेबलावर येते. तेव्हा फिश फाइंडरबरोबर ट्रान्सपॉन्डरवरही बोटीचं नाव झळकवायची हौस होते. ट्रान्सपॉन्डर हे संकटात निरोप देणारं यंत्र; त्याच्या सॉफ्टवेअरला लोगोसाठी हात लावणं मी तरी साफ नाकारतो.

काही यंत्रं स्वतःच नकार देतात. सिक्युअर बूट चालू असेल तर प्रत्येक टप्पा पुढच्याची डिजिटल सही तपासूनच त्याला उठवतो. लोगो त्या सही केलेल्या भागात असला तर एक ठिपका बदलला तरी सही जुळत नाही आणि यंत्र सुरू होत नाही. ही कटकट वाटते, पण तिला कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या कंपनीच्या संशोधकांनी ‘लोगोफेल’ नावाने त्रुटींचा एक संच उघड केला. पीसीच्या फर्मवेअरमध्ये लोगो उलगडणाऱ्या कोडमध्येच भोकं होती. एएमआय, इनसाइड आणि फिनिक्स या तिन्ही मोठ्या फर्मवेअरवाल्यांना त्याची झळ बसली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र लोगोच्या जागी ठेवलं की ऑपरेटिंग सिस्टीम उठायच्या आधीच हल्लेखोराचा कोड चालू शकत होता, तोही सिक्युअर बूटला वळसा घालून. कोणत्याही साइटवरून उतरवलेलं ‘रेडीमेड बूट लोगो’चं पॅकेज गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये घालू नये ते यासाठी.

आता शेवटची तयारी. बूटलोडर किंवा फ्लॅश चिपवर लिहीत असताना लाइट गेली तर बोर्ड मेला म्हणून समजा. सिरियल केबल आणि बनवणाऱ्याचं साधन असेल तर उठवता येतो, पण दिवस जातो. आपल्याकडे जूनमध्ये हे काम यूपीएसशिवाय करायला बसू नये. मेमरी कार्डाचं असेल तर आधी पूर्ण कार्डाची प्रत काढून घ्यावी. लाइटच्या खेळात कार्ड खराब होऊ नये म्हणून बऱ्याच यंत्रांत ओव्हरले चालू केलेलं असतं, म्हणजे कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल रॅममध्येच राहतात. ते बंद न करता लोगो बदलला तर सगळं नीट झाल्यासारखं दिसतं, आणि यंत्र परत सुरू केलं की जुनं चित्र हजर. ओव्हरले बंद करायचं, यंत्र परत सुरू करायचं, लोगो बदलायचा, ओव्हरले परत चालू करायचं, हा क्रम.

मग यंत्र मेन्यूतून बंद न करता सरळ प्लग उपटून, काही सेकंद थांबून परत लावायचं, आणि असं बऱ्याचदा करून बघायचं, कारण पेढीवर ते तसंच बंद-चालू होणार आहे. स्लो मोशनचा व्हिडिओ परत घ्यायचा आणि आधीच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघायचा. मूळ कार्डाची प्रत आणि लोगोची मूळ फाईल यंत्राच्या डब्यातच चिकटवून ठेवलेली बरी. पुढच्या हंगामात मालक धाकट्या मुलाचं नाव जोडून नवा लोगो घेऊन येतात, आणि तोवर जुनी फाईल ज्याच्या फोनमध्ये होती तो फोन बदललेला असतो.